तिरोड्यावरून गेलेली गाडी आणि मराठी नाताळ



शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीत डिसेंबर महिन्यात एकच शब्द असायचा: नाताळ. दिवाळीची सुट्टी म्हटली की फराळ, मंडई, दंडार, नाटक असे सगळे डोळ्यांपुढे येते. नाताळची सुट्टी मात्र आपल्यापैकी बहुतेकांसाठी नुसतीच सुट्टी होती. गावात ख्रिस्ती कुटुंबे मोजकी, त्यामुळे तो सण कसा असतो हे आपण पाहिले ते सिनेमात: बर्फ, लाल टोपीचा म्हातारा, चकाकते झाड. त्यावरून एक समजूत पक्की झाली, की हा सण गोऱ्या साहेबाने आणला आणि जाताना इथेच ठेवून गेला. अलीकडे हीच समजूत जरा चढ्या आवाजात ऐकू येते. म्हणून स्मरणिकेसाठी इतिहासाचा एखादा विषय घे असा निरोप आला, तेव्हा हाच विषय घ्यायचे ठरवले. दुसरे कारण असे की या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या तिरोडा स्टेशनावरून जातो.

1893 च्या सुमाराची गोष्ट. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत इंटर क्लासच्या डब्यात तिशी ओलांडलेला एक मराठी कवी बसला होता. कोकणात जन्मलेला, नाशिकला शिकलेला, नोकरी एका जागी न टिकणारा. नागपूरचे धनिक आप्पासाहेब बुटी यांच्याकडे काही काळ संस्कृत ग्रंथांचे काम करून तो आता राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाला होता. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. त्यांनी आदराने बसायला जागा दिली, संस्कृत काव्यावर बोलणे निघाले. उतरताना त्यांनी कवीच्या हातात नवा करार ठेवला आणि सांगितले, हे पुस्तक वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल.  कवीचे नाव नारायण वामन टिळक.

छत्तीसगडचे धान्य बाहेर काढण्यासाठी 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर ते राजनांदगाव हा मार्ग आधी मीटर गेजवर टाकला गेला. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला. भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव असा तो जातो. तेव्हा नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या माणसाला तिरोडा ओलांडावेच लागते. मराठी ख्रिस्ती साहित्याला वळण देणारा तो प्रवास आपल्या फलाटावरून झाला आहे.

टिळकांनी काय केले ते समजण्यासाठी आधी नाताळ हा सणच कसा घडला ते पाहावे लागते. बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख कुठेही नाही. चार शुभवर्तमानांपैकी मत्तय आणि लूक या दोघांनीच जन्मकथा सांगितली आहे. लूक मेंढपाळांची आणि गव्हाणीची गोष्ट सांगतो. मत्तय ताऱ्याची आणि पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांची. मागी तीन होते असेही मत्तय म्हणत नाही; भेटी तीन होत्या म्हणून लोकांनी माणसेही तीन मोजली. 25 डिसेंबरला हा सण पाळल्याचा सर्वांत जुना पुरावा रोममधला आहे, इ. स. 336 चा. म्हणजे येशूनंतर तीनशे वर्षांनी.

आणि ती तारीखही सर्वांची एक नाही. सॉफ्टवेअरच्या कामात वेगवेगळ्या देशांतल्या सहकाऱ्यांच्या सुट्ट्या जुळवताना हे नेहमी समोर येते. आर्मेनियन चर्चचा नाताळ 6 जानेवारीला असतो. रशिया, सर्बिया, इथिओपिया इथे तो 7 जानेवारीला येतो. 1582 मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी पंचांग सुधारले, पण पूर्वेकडच्या अनेक चर्चनी धार्मिक कामासाठी जुनेच पंचांग ठेवले. त्या दोहोंत आज 13 दिवसांचे अंतर आहे. युक्रेनने 2023 मध्ये सरकारी सुट्टी 7 जानेवारीवरून 25 डिसेंबरला आणली, तेव्हा तारीख बदलणे हा राजकीय निर्णय कसा असतो हेही जगाने पाहिले. पंचांगावरून आपल्याकडे एकादशी दोन दिवस येते, त्याचाच हा मोठा अवतार म्हणा.

तारखेसारखेच रूपाचेही आहे. गाईगुरांच्या गोठ्याचा देखावा करण्याची प्रथा इटलीतली. संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये ग्रेच्चो या गावी जिवंत बैल आणि गाढव उभे करून पहिला असा देखावा केला, असे मानतात. झाड जर्मनीचे. इंग्लंडच्या घराघरात ते पोहोचले ते राणी व्हिक्टोरियाच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. पोलंडमध्ये 24 डिसेंबरच्या संध्याकाळी आकाशात पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. टेबलावरच्या कापडाखाली गवत पसरतात आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जागा रिकामी ठेवतात. फिलिपाईन्समध्ये 16 ते 24 डिसेंबर असे नऊ दिवस पहाटे चर्चमध्ये जातात, आणि घरापुढे बांबू व कागदाची चांदणी टांगतात. आपला आकाशकंदीलच तो, फक्त आकार ताऱ्याचा. इथिओपियात या सणाला काठी-चेंडूचा हॉकीसारखा खेळ खेळतात. खेळाचे आणि सणाचे नाव एकच, गेन्ना. केरळमधले जुने सीरियन ख्रिस्ती 1 डिसेंबरपासून पंचवीस दिवस मांसाहार सोडून व्रत करतात. आपल्याकडचा श्रावण पाळणाऱ्या घराला हे समजावून सांगावे लागणार नाही.

या यादीत एक गोष्ट लक्षात येते. बायबलातली गोष्ट सगळीकडे एकच आहे, पण सण कोणीही तयार स्थितीत आणलेला नाही. प्रत्येक ठिकाणच्या लोकांनी आपल्या घरात, शेतात, स्वयंपाकघरात जे होते त्यातून तो उभा केला. मग मराठी माणसांनी काय केले?

सुरुवात शब्दापासून करू. नाताळ हा शब्द इंग्रजी नाही. तो पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला, अर्थ जन्म. पगार, चावी, बादली, बटाटा, पाव हे शब्द ज्या वाटेने मराठीत आले, त्याच वाटेने तोही आला. इंग्रजी राज्य आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी किनारपट्टीवरच्या मराठी माणसाच्या तोंडी तो होता. उत्तर भारतात याच सणाला ‘बडा दिन’ म्हणतात. आपला गोंदिया जिल्हा मराठी आणि हिंदीच्या सीमेवर, त्यामुळे पश्चिमेचा नाताळ आणि पूर्वेचा बडा दिन हे दोन्ही शब्द आपल्या बाजारात शेजारी शेजारी नांदतात.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, 1534 मध्ये वसई. त्यांच्या राज्यात धर्मांतर अनेकदा सक्तीने झाले, देवळे पाडली गेली, आणि 1560 च्या सुमारास गोव्यात धर्मन्यायालय बसले ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकले. 1736 च्या एका फर्मानाने तर ख्रिस्ती झालेल्यांच्या लग्नातली जुनी गाणी, तुळस, पोशाखातल्या पद्धती यांवरही बंदी घातली. हा इतिहास झाकून नाताळची गोडगोड गोष्ट सांगता येणार नाही. पण बंदी घालावी लागली याचाच अर्थ असा, की लोकांनी त्या गोष्टी सोडल्या नव्हत्या.

याच राज्यात एक वेगळा माणूस होऊन गेला. थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, जेझुइट धर्मगुरू. 1579 मध्ये तो गोव्यात उतरला आणि 1619 मध्ये वारला तो गोव्यातच. नव्या ख्रिस्ती लोकांची तक्रार त्याच्या कानावर आली होती: आमची पुराणे आम्ही सोडली, आता ऐकायचे काय? त्याने उत्तर म्हणून ‘क्रिस्तपुराण’ लिहिले. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत, गोव्याकडच्या बोलीची छटा असलेल्या. 1616 मध्ये ते रायतूरला छापले गेले. देवनागरीचे खिळे नसल्याने रोमन लिपीत छापावे लागले. येशूच्या जन्माची कथा त्यात ओवीतून आली. ज्ञानेश्वरांनी गीता ज्या छंदात मराठीत आणली, त्याच छंदाला जवळ करून एका इंग्रजाने बेथलेहेमची गोष्ट सांगितली. त्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. पुराण टिकले ते लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या पोथ्यांमुळे. तुकोबांच्या गाथेबद्दल आपण जे ऐकत आलो, त्याच्याशी हे किती जुळते पाहा.

1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले. त्यांच्या चर्चमधल्या काही घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर, भीमाशंकर, मेणवली इथे त्या आजही पाहता येतात. पण वसईचे ख्रिस्ती लोक तिथेच राहिले. तहात त्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली होती. गोऱ्या पाद्र्यांच्या जागी देशी पाद्री आले आणि पेशव्यांच्या राज्यात नाताळ चालू राहिला. हा सण परक्या सत्तेच्या आधारावरच उभा होता असे म्हणणाऱ्यांनी 1739 नंतरची वसई जरूर पाहावी. आधार गेला, सण राहिला.

आजही वसईच्या गावांत डिसेंबरात बांबूच्या मोठमोठ्या चांदण्या लागतात, घरोघर आणि नाक्यानाक्यावर गोठे उभारतात आणि लोक ते पाहत हिंडतात. आपण गणपती पाहत हिंडतो तसे. घरात करंज्या होतात. गोव्यात त्यांना नेवऱ्या म्हणतात. कुलकुल होतात: मैद्याची छोटी गोळी काट्याच्या नाहीतर नव्या कंगव्याच्या पाठीवर दाबून वळायची, तळायची, साखरेत घोळायची. शंखाच्या आकाराचे शंकरपाळेच म्हणा. गोव्यात दोदोल आणि बेबिंका. ही ताटे शेजारच्या हिंदू घरी जातात, आणि दिवाळीत तिकडची ताटे इकडे आलेली असतात. 31 डिसेंबरला जुन्या वर्षाचा म्हातारा करून जाळतात. मिस्सा मात्र लॅटिनमध्ये असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963 मध्ये स्थानिक भाषांना दार उघडले आणि त्यानंतर वसईच्या वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. त्या मराठीला घडवणाऱ्यांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी अनेक वर्षे चालवले, ‘सुबोध बायबल’ लिहिले, आणि जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 2024 मध्ये ते गेले.

वसई-गोवा हा झाला किनाऱ्यावरचा कॅथलिक नाताळ. घाटावर आणि आपल्या विदर्भात जो नाताळ रुजला त्याची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यात एक गंमत आहे. इथे काम करणारे बरेचसे प्रोटेस्टंट मिशनरी अशा परंपरांतून आले होते, जिथे नाताळला मान नव्हता.

नगरचे उदाहरण घ्या. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि 1831 मध्ये अहमदनगरला (आता अहिल्यानगर) त्यांचे ठाणे झाले. ही मंडळी न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतली. त्याच भागातल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत 1659 ते 1681 या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. कारण साधे: बायबलात तारीख नाही, तर सण कशाला? तिथे नाताळची कायदेशीर सुट्टी मिळाली ती 1856 मध्ये, म्हणजे मिशनरी नगरला आल्यावर पंचवीस वर्षांनी.

नागपूरचेही तसेच. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. 1845 मध्ये ते नागपूरला आले तेव्हा इथे भोसल्यांचे राज्य होते. शाळा काढली, विदर्भाच्या दगडांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला, गोंड लोकांच्या भाषेच्या नोंदी केल्या. 1863 मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून रात्री परतताना नाल्याच्या पुरात ते बुडाले. 1883 मध्ये त्यांच्या नावाने कॉलेज निघाले. आपल्या शाळेतून नागपूरला शिकायला गेलेल्यांना ते ठाऊक आहेच. भंडाऱ्यालाही स्कॉटिश मिशनचे काम पोहोचले, आणि आपण दहावी झालो तेव्हा तिरोडा भंडारा जिल्ह्यातच होते; गोंदिया जिल्हा 1 मे 1999 चा. आता या स्कॉटलंडमध्ये 1640 मध्ये संसदेने नाताळची सुट्टी कायद्यानेच काढून टाकली होती. पुढे कायदे बदलले, पण सवय बदलली नाही. 25 डिसेंबर ही तिथे सार्वजनिक सुट्टी झाली ती थेट 1958 मध्ये. तोवर स्कॉटलंडमधले बरेच लोक त्या दिवशी नेहमीसारखे कामावर जात.

म्हणजे साहेबाने नाताळ आणला हे वाक्य आपल्या भागापुरते फारसे टिकत नाही. त्या मिशनऱ्यांनी पुस्तक आणले, शाळा आणली, दवाखाना आणला. सणाला उत्सवाचे रूप येण्यात इंग्रज फौजेच्या अँग्लिकन चर्चचा, कामठीच्या छावणीत मद्रासकडून आलेल्या तमिळ आणि तेलुगू ख्रिस्ती कुटुंबांचा, रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन वसाहतींचा वाटा आहे. पण त्याला मराठी रूप दिले ते मराठी ख्रिस्ती माणसांनी. आणि इथे आपला राजनांदगावचा प्रवासी परत येतो.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घराने मोजली. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहान मुलगा नातेवाइकांकडे, टिळक नगरला. काही वर्षे हे जोडपे वेगळे राहिले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या, सोवळे-ओवळे हळूहळू सुटले, आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सगळे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिले आहे. स्वतःवर हसत, कोणावर राग न धरता. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे; मराठीतल्या पहिल्या चार-पाच आत्मचरित्रांत ते बसते असे मला वाटते.

टिळकांना एक गोष्ट सलत होती. मराठी ख्रिस्ती माणूस चर्चमध्ये शिरला की परक्या चालीवर, ओढूनताणून बसवलेल्या शब्दांत गात होता. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अभंग आणि ओवी, त्याने देवाशी बोलताना दुसऱ्याचा गळा का लावावा? टिळकांनी उपासनेसाठी अभंग, पदे, भजने लिहिली. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्या जे ‘उपासना संगीत’ वापरतात, त्यात अडीचशेच्या आसपास गीते एकट्या टिळकांची आहेत. ख्रिस्ती कीर्तनाला त्यांनी बळ दिले. टाळ, पेटी, तबला चर्चमध्ये हक्काने आले. येशूच्या जीवनावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी ओव्यांत सुरू केले. 1919 मध्ये ते वारले तेव्हा थोडेच अध्याय झाले होते. पुढचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. जिने नवऱ्याच्या धर्मांतराने आकाश कोसळल्यासारखे सोसले, तिने येशूची कथा ओव्यांत सांगावी, हे मला त्या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोठे आश्चर्य वाटते.

हेच टिळक निसर्गकवितेचेही होते. फुलांमुलांचे कवी म्हणून मराठी शाळांतल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी त्यांच्या कविता म्हटल्या आहेत. बालकवी त्यांच्याच घरी राहून वाढले. म्हणजे एकच माणूस वर्गात कवी म्हणून भेटतो आणि नाताळच्या उपासनेत गीतकार म्हणून. फक्त ते दोघे एकच आहेत हे आपल्याला सहसा माहीत नसते.

नगर, जालना, नागपूर अशा ठिकाणच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळ आला की काय होते? आधी साफसफाई आणि रंगरंगोटी. मग फराळ: करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू, चिवडा. केक असतोच, पण फराळाशिवाय सण होत नाही. गाणाऱ्यांची फेरी रात्री घरोघरी जाते, पेटी गळ्यात अडकवलेली, डफ किंवा ढोलकी सोबत. प्रत्येक दारात एक गीत, चहा, पुढचे दार. सकाळी नवे कपडे घालून उपासनेला. 31 डिसेंबरला रात्री बारापर्यंत प्रार्थना. दारात चांदणी, अंगणात रांगोळी. जन्मकथेतली गव्हाण, गुरे आणि रात्री कळप राखणारे मेंढपाळ हे सगळे बर्फातल्या युरोपपेक्षा आपल्या गावांना जास्त जवळचे. डिसेंबरात आपल्याकडे धान घरी आलेले असते, तणसाचे ढीग लागलेले असतात, थंडीत शेकोटी पेटलेली असते. लूकची गोष्ट समजायला झाडीपट्टीच्या माणसाला कोणतेही चित्र पाहावे लागणार नाही.

या कथेचा आणखी एक टप्पा आपल्याच नागपूरला घडला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा एकत्र आल्या. त्यांत एकीकडे सणवार काटेकोर पाळणारे अँग्लिकन होते, तर दुसरीकडे त्याच स्कॉटिश आणि न्यू इंग्लंडच्या परंपरेचे वारस, ज्यांच्या पूर्वजांनी नाताळला दंड लावला होता. युरोपात ज्या मतभेदांवरून शतकानुशतके भांडणे झाली, ते मतभेद बाजूला ठेवून भारतीय ख्रिस्ती माणसांनी एक पंचांग मान्य केले. हे आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत घडले आणि इतिहासाच्या पुस्तकात आपल्याला त्याची एक ओळही भेटली नाही.

आता आजच्याविषयी. गेल्या काही वर्षांत नाताळ सगळ्यांचाच झाला आहे. मॉलमध्ये झाड, शाळेच्या कार्यक्रमात लाल टोप्या, ऑफिसात भेटवस्तूंची चिठ्ठी. त्यात वाईट काही नाही. पण दोन गोष्टी एकदम घडत आहेत. बाजारातला नाताळ पाहून काहींना वाटते, हा परका सण आपल्या मुलांवर लादला जातो आहे. आणि त्याच बाजारामुळे खुद्द मराठी ख्रिस्ती घरांतली मुले मोबाईलवरची इंग्रजी कॅरल म्हणतात आणि आजीचे भजन मागे पडते. म्हणजे ज्याला परका म्हणून नावे ठेवली जातात तो बाजाराचा नाताळ वाढतो आहे, आणि जो खरोखर आपल्या मातीचा तो ओसरतो आहे. या भांडणात दोन्ही बाजूंनी हरतो तो मराठी नाताळच.

चारशे वर्षांपूर्वीच्या ओव्या, पेशवाईत टिकलेली वसई, राजनांदगावच्या गाडीतून निघालेली भजने, नागपूरचे 1970 चे ऐक्य हे सगळे मराठी भाषेचे धन आहे. ते जपायला ख्रिस्ती असावे लागत नाही, जसे ज्ञानेश्वरी ऐकायला वारकरी असावे लागत नाही. शेजाऱ्याच्या सणाला परका म्हणण्याआधी तो शेजारी कोणत्या भाषेत प्रार्थना करतो एवढे विचारले, तरी पुष्कळ गैरसमज फिटतील.

माझी एक विनंती आहे. गाण्याच्या पुस्तकात शब्द छापलेले असतात, चाल मात्र गळ्यातच असते, आणि गळे थकत चालले आहेत. आपल्यापैकी अनेक जण आज नागपूर, रायपूर, पुणे, मुंबई, काही परदेशात आहेत. कोणाच्या शेजारी, ऑफिसात, दवाखान्यात, शाळेत जुनी मराठी नाताळगीते येणारे वडीलधारे कोणी असतील, तर त्यांची परवानगी घेऊन मोबाईलवर दोन गीते ध्वनिमुद्रित करा. गाणाऱ्याचे गाव, वय, चाल कोणाकडून शिकली हे सोबत लिहून ठेवा. ज्या गुरुजनांकडे ‘ज्ञानोदय’चे जुने अंक, मिशन शाळांची जुनी पुस्तके, भंडारा-गोंदिया भागातल्या चर्चची छायाचित्रे असतील त्यांनी ती कृपया रद्दीत देऊ नयेत. 1842 पासून निघणाऱ्या त्या नियतकालिकाचा प्रत्येक अंक आपल्या भाषेचा कागद आहे. जमा झालेले ध्वनिमुद्रण आणि कागद संगणकावर नीट लावून, यादी करून सर्वांना उपलब्ध करून देण्याचे काम मी आनंदाने करीन. पुढच्या मेळाव्यापर्यंत दहा गीते जमली तरी सुरुवात चांगली झाली असे मी समजेन.